जुन्या मोटारीचा छंद: गाडी निवडण्यापासून पहिल्या फेरफटक्यापर्यंत

विक्रीला निघालेल्या जुन्या गाड्यांत एक प्रकार हमखास दिसतो. बॉडी एका कोपऱ्यात, इंजिन दुसऱ्या कोपऱ्यात आणि उरलेली गाडी खोक्यांत. मालकाने हौसेने सगळं उघडलेलं असतं, दोन-चार महिने उत्साह टिकतो, आणि मग कुठला बोल्ट कुठला हेच आठवेनासं होतं. गंजाने जेवढ्या गाड्या वाया जात असतील, जवळपास तेवढ्याच या एकदम सगळं उघडण्याने जात असाव्यात असं मला वाटतं. म्हणून या छंदात नव्याने येणाऱ्याला मी सगळ्यात आधी हेच सांगतो, की गाडी होता होईल तो चाकांवर आणि हलती ठेवा. एका वेळी एकच काम उघडा, पुरं करा, गाडी पुन्हा जोडा, मगच पुढच्या कामाला हात घाला. ब्रेक आणि स्टिअरिंग आधी, रंगरंगोटी अगदी शेवटी.

कुठली गाडी घ्यायची

जाहिरातींत ‘क्लासिक’, ‘व्हिंटेज’, ‘अँटिक’ हे शब्द सरसकट वापरलेले असतात. ब्रिटिश परंपरेत व्हिंटेज म्हणजे साधारण १९१९ ते १९३० या काळातली गाडी. जुन्या वाहनांच्या क्लबांची आंतरराष्ट्रीय संघटना ‘फिवा’ १९६६ साली स्थापन झाली. किमान ३० वर्षं जुनं, मूळ स्वरूपाला धरून जपलेलं आणि रोजच्या ये-जा करायला न वापरलं जाणारं वाहन, अशी ऐतिहासिक वाहनाची तिची व्याख्या आहे. पहिली गाडी घेताना मात्र या वर्गवारीपेक्षा एकच प्रश्न महत्त्वाचा: हिचे सुटे भाग मिळतात का?

फोर्ड मॉडेल टी १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटींहून जास्त बनल्या. फोक्सवॅगन बीटल २ कोटी १० लाखांच्या वर गेली आणि तिचं उत्पादन थेट २००३ पर्यंत चालू होतं. १९५९ साली आलेली मिनी, १९४८ ते १९७१ पर्यंत बनलेली मॉरिस मायनर, १९६२ ते १९८० मधली एमजीबी या गाड्यांचे भाग आजही नव्याने बनतात. एमजीबीची तर अख्खी बॉडीसुद्धा नवी मिळते. शिवाय या गाड्यांवर इतक्या लोकांनी काम केलं आहे, की तुम्हाला पडणारा प्रत्येक प्रश्न आधी कुणाला तरी पडून गेलेला असतो. दुर्मीळ गाडीची ओढ मला समजते, पण ती दुसरी गाडी म्हणून घ्या.

गाडी चमकते किती यापेक्षा ती पुरी आहे का ते पाहा. पिस्टन, बुश, शाफ्ट, गिअरचे दात हे सगळं चांगल्या लेथवर किंवा मशिन शॉपमध्ये बनवून घेता येतं. मागच्या दिव्याची काच, डॅशबोर्डवरचं घड्याळ, बंपरची क्रोमची पट्टी, दाराचं हँडल, वाकवलेली पुढची काच यांचं मात्र तसं नाही. या वस्तू हरवलेल्या असतील तर त्या शोधण्यात वर्षं जातात. इंजिन बंद पण सगळी काच-पट्टी जागेवर असलेली गाडी, इंजिन सुरू पण निम्मी ट्रिम गायब असलेल्या गाडीपेक्षा नवशिक्यासाठी कधीही चांगली.

गाडी पाहायला जाताना

टॉर्च, कापडात गुंडाळलेलं छोटं लोहचुंबक, जुने कपडे आणि जमिनीवर अंथरायला काहीतरी, एवढं बरोबर घ्या. गाडी धुतलेली किंवा ओली असेल तर रंगाचं काहीच कळत नाही, तेव्हा कोरडी गाडी पाहा. मालकाला आधीच सांगून ठेवा, की मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. थंड इंजिन कसं सुरू होतं, पहिला धूर कोणत्या रंगाचा निघतो आणि टॅपेटचा (वॉल्व्ह ढकलणाऱ्या भागांचा) टकटक आवाज किती वेळाने थांबतो, यातून इंजिनाची बरीचशी कुंडली कळते. निळा धूर तेल जळत असल्याचा. पांढरी दाट वाफ इंजिन गरम झाल्यावरही थांबत नसेल तर पाणी सिलिंडरमध्ये शिरत असल्याची शंका घ्यावी.

पण इंजिनापेक्षा जास्त वेळ पत्र्याला द्या. दाराखालचा उंबरठा, फ्लोअर, चाकांच्या कमानी, जॅक लावायच्या जागा, बॅटरीची ट्रे, पुढच्या काचेची खालची कड, डिकीत स्टेपनी ठेवायचा खड्डा या ठिकाणी पाणी साचतं आणि गंज तिथूनच सुरू होतो. कापडात गुंडाळलेलं चुंबक पत्र्यावरून फिरवा; जिथे ते धरत नाही तिथे रंगाखाली पुट्टी आहे. पुट्टी असणं वाईट नाही, पण ती बोटभर जाड असेल तर खाली पत्रा शिल्लक आहे की नाही ते कळायला मार्ग नाही. दारं उघडून थोडी वर उचलून पाहा. बिजागरीत खेळ असेल तर ठीक, पण दार बंद करताना त्याची फट वर कमी आणि खाली जास्त दिसत असेल तर बॉडी मध्यातून खचली असण्याची शक्यता मोठी.

इथे गाडीची बांधणी महत्त्वाची ठरते. जुन्या गाड्यांना वेगळी चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, असायची आणि तिच्यावर बॉडी बसवलेली असायची. अशा गाडीची बॉडी कुजली तरी चासी धड असू शकते. पुढे बॉडी हाच सांगाडा झाला. १९२२ ची लॅन्शिया लॅम्डा आणि १९३४ ची सिट्रोएन ट्रॅक्शन अवाँ ही त्याची सुरुवातीची उदाहरणं. या गाड्यांत उंबरठा आणि फ्लोअर हेच गाडीचा भार पेलतात. तिथला गंज फक्त दिसायला वाईट आहे असं समजू नका, त्याने गाडीचा कणा मोडतो.

कागदपत्रांवरचा चासी क्रमांक आणि इंजिन क्रमांक गाडीवर कोरलेल्या आकड्यांशी स्वतः ताडून पाहा. १७ अक्षरांचा प्रमाणित क्रमांक १९८१ पासूनचा. त्याआधी प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी होती, त्यामुळे क्रमांक कुठे असतो हे आधी वाचून जा. क्रमांकाच्या पट्टीचे रिव्हेट नवे दिसत असतील किंवा आकड्यांभोवती घासल्याच्या खुणा असतील तर पुढे जाऊ नका, गाडी कितीही आवडली तरी.

जपायची की नव्याने बांधायची

हा निर्णय गाडी घरी आल्यावर, काहीही उघडायच्या आधी घ्यायचा असतो, आणि नवशिके तो घेतच नाहीत. रंग फिका पडला आहे, सीटला भेगा आहेत, म्हणून सगळं नवं करायचं असं त्यांनी गृहीत धरलेलं असतं. कारखान्यातून निघालेला रंग, तिथली शिवण, तिथले नट-बोल्टवरचे शिक्के एकदा काढले की परत आणता येत नाहीत. फिवाने २०१२ मध्ये मंजूर केलेली ट्युरिन सनद हेच सांगते: आहे ते जपणं पहिलं, दुरुस्ती त्यानंतर, आणि संपूर्ण पुनर्बांधणी सगळ्यात शेवटी. अमेरिकेतल्या पेबल बीचला १९५० पासून भरणाऱ्या प्रसिद्ध स्पर्धेतही आज न रंगवलेल्या, मूळ अवस्थेतल्या गाड्यांसाठी वेगळा गट असतो. आणि १९२५ ची एक बुगाटी ब्रेशिया अनेक दशकं माज्योरे सरोवराच्या तळाशी पडून होती. २००९ मध्ये ती वर काढली, नंतर एका संग्राहकाने ती विकत घेतली, आणि अर्धी कुजलेली ती गाडी तशीच्या तशी प्रदर्शनात मांडली. तिला हात न लावण्याचा निर्णय मला फार मोलाचा वाटतो.

तुमची गाडी काही बुगाटी नसेल, पण विचार तोच ठेवा. मूळ रंग ६०-७० टक्के शाबूत असेल तर आधी हलक्या हाताने स्वच्छ करून, पॉलिश करून एक वर्ष तसाच राहू द्या. चामड्याच्या सीटला तेल-मेण देऊन पाहा. नवा भाग लावला तरी जुना फेकू नका, चिठ्ठी बांधून ठेवून द्या.

जागा, हत्यारं आणि जीव

कोरडी, बंद आणि वारा खेळता राहील अशी जागा हवी. गाडीच्या तिन्ही बाजूंनी माणूस वाकून काम करू शकेल एवढी मोकळी असली की पुरे. हत्यारांत चांगल्या प्रतीचे पाने आणि सहा कोनी सॉकेटचा सेट, टॉर्क रेंच (ठरावीक जोरानेच आवळणारा पाना), फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), मल्टिमीटर, कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजायचा), दोन-तीन प्रकारचे पेचकस, आणि एक मजबूत जॅक. जॅकपेक्षाही महत्त्वाचे चार स्टँड. फक्त जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही, पाच मिनिटांच्या कामासाठीही नाही.

जुन्या गाडीचे काही धोके नव्या गाडीत नसतात. ब्रेक लायनर आणि क्लच प्लेटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो. ड्रम उघडल्यावर आतली धूळ फुंकर किंवा हवेच्या पाइपने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसून पिशवीत बंद करा. जुन्या रंगात शिसं असतं, म्हणून घासताना चांगला मास्क आणि शक्यतो ओला पॉलिश पेपर. रेडिएटरमधलं कूलंट चवीला गोड आणि विषारी असतं, मुलं आणि जनावरं तिकडे फिरकणार नाहीत असं ठेवा. रिकामी पेट्रोल टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोकादायक, कारण आत वाफ कोंडलेली असते. टाकीवर झाळकाम किंवा वेल्डिंग हे त्यातल्या जाणकाराकडेच द्या. आग विझवायचं सिलिंडर हाताशी, दाराजवळ टांगलेलं असावं.

पहिले काही आठवडे फक्त धुणं, पुसणं, फोटो आणि वाचन. त्या गाडीचं वर्कशॉप मॅन्युअल आणि सुट्या भागांची सचित्र यादी मिळवा. मॅन्युअल कसं करायचं ते सांगतं, यादी काय कशावर बसतं ते दाखवते. प्रत्येक भाग काढायच्या आधी फोटो, काढल्यावर पिशवी, पिशवीवर लगेच चिठ्ठी. ‘डावं पुढचं मडगार्ड, वरचे बोल्ट, खाली जाड वॉशर’ एवढं स्पष्ट लिहा. बोल्ट शक्य असेल तिथे ज्याच्या त्याच्या भोकात परत फिरवून ठेवणं ही त्याहून चांगली सवय.

बंद पडलेलं इंजिन जागं करणं

वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या गाडीला नवी बॅटरी लावून थेट स्टार्टर मारायचा मोह सगळ्यांनाच होतो. तो आवरा. सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल केव्हाच ओघळून गेलेलं असतं, रिंगा गंजून भिंतीला धरलेल्या असू शकतात, एखादा वॉल्व्ह गाइडमध्ये उघडाच अडकलेला असतो. स्टार्टरच्या झटक्याने रिंग तुटते नाहीतर पुशरॉड वाकतो, आणि तेलाने सुटलं असतं ते इंजिन खोलावं लागतं.

सगळे प्लग काढा आणि क्रमाने मांडून त्यांची टोकं पाहा. फिकट तपकिरी टोक म्हणजे जळण ठीक होतं. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जात होतं. काळं, ओलं आणि तेलकट असेल तर त्या सिलिंडरमध्ये तेल येत होतं. प्लगच्या प्रत्येक भोकातून दोन-तीन चमचे पेनिट्रेटिंग ऑइल सोडा आणि दोन-तीन दिवस गाडीला विसरून जा. दरम्यान जुनं इंजिन ऑइल काढा. तळाशी पाणी साठलं असेल तर तेल काढायचा खालचा बोल्ट सैल होताच आधी पाणीच येतं; तेल दुधाळ असेल तर पाणी त्यात मिसळलेलं आहे आणि हेड (सिलिंडरवरचं झाकण) आणि त्याखालचं गास्केट फाटल्याची किंवा हेडला भेग असल्याची शंका धरायला हवी. नवं तेल, नवा फिल्टर घाला.

आता गिअर न्यूट्रल करा, क्रँकच्या पुलीच्या नटवर लांब दांड्याचा पाना लावा आणि इंजिन हाताने फिरवा. हात हाच इथला सगळ्यात चांगला गेज. गुळगुळीत सरकत असेल तर फिरवत राहा. अडलं तर जोर करू नका, थोडं उलटं फिरवा, पुन्हा तेल सोडा, पुन्हा एक दिवस थांबा. पूर्ण दोन फेरे झाले की चार स्ट्रोकचं एक चक्र पुरं होतं. या दोन फेऱ्यांत टॅपेट कव्हर उघडं ठेवून प्रत्येक वॉल्व्ह खाली जाऊन वर येतो का ते डोळ्यांनी पाहा. वर न येणाऱ्या वॉल्व्हच्या दांड्यावर तेल सोडून त्याला हळूहळू मोकळा करा.

मग प्लग बाहेरच ठेवून, कॉइलची वायर काढून, स्टार्टरने इंजिन फिरवा. प्लगच्या भोकांसमोर उभे राहू नका, तेलाच्या पिचकाऱ्या उडतात. ऑइल प्रेशरचा काटा हलेपर्यंत किंवा दिवा विझेपर्यंत मधे मधे थांबत फिरवायचं. प्रेशर आलं की कॉम्प्रेशन मोजा. आकडा नेमका किती यापेक्षा सगळ्या सिलिंडरमध्ये तो जवळपास सारखा आहे का ते पाहा. साधारण १० टक्क्यांचा फरक चालतो. एखादा कमी भरला तर त्यात चमचाभर तेल घालून पुन्हा मोजा. तेलाने आकडा वाढला तर दोष रिंगांचा, तसाच राहिला तर वॉल्व्हचा किंवा गास्केटचा. या साध्या चाचणीने इंजिन खोलायचं की नाही हे बऱ्याचदा ठरतं.

आता ठिणगी. पॉइंटवरची, म्हणजे उघडझाप करून ठिणगी पाडणाऱ्या संपर्काच्या जोडीवरची, ही इग्निशन पद्धत अमेरिकन अभियंता चार्ल्स केटरिंगची, पहिल्या महायुद्धाच्या आधीची, आणि १९७० च्या दशकापर्यंत बहुतेक गाड्या तिच्यावरच चालल्या. डिस्ट्रिब्यूटरची टोपी आणि रोटर काढला की खाली पॉइंटची जोडी दिसते. इंजिन हाताने फिरवून कॅमचा उंचवटा पॉइंटच्या टाचेखाली बरोबर आणा, म्हणजे पॉइंट पूर्ण उघडतील. आता फीलर गेजची पट्टी त्या फटीत घाला. पुष्कळशा चार सिलिंडरच्या गाड्यांना ०.४ मिलिमीटरच्या आसपास फट लागते, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. पट्टी सैल घसरता कामा नये आणि पॉइंट ढकलून आत शिरताही कामा नये, किंचित घासत सरकली पाहिजे. स्क्रू आवळा आणि पुन्हा मोजा, कारण आवळताना फट बदलते आणि नवशिके नेमकं इथेच थांबतात. शेवटी कोऱ्या कागदाची पट्टी बंद पॉइंटमधून ओढून घ्या. बोटाचं तेलसुद्धा तिथे राहिलं तर पॉइंट जळतात. नवे पॉइंट थोड्याच दिवसांत काळे पडत असतील तर कंडेन्सर (पॉइंटना जोडलेला, त्यांना जळण्यापासून वाचवणारा छोटा भाग) बदला.

पेट्रोलसाठी गाडीच्या टाकीवर विसंबू नका. जुन्या पेट्रोलचा चिकट थर तिच्यात जमलेला असतो आणि तो कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये जाऊन बसतो. कार्ब्युरेटर साफ करा, बाहेरच्या छोट्या डब्यातून ताजं पेट्रोल द्या, नळ्यांचे सांधे तपासा. इंजिन सुरू झालं की लगेच ऑइल प्रेशर पाहा. काही सेकंदांत आलं नाही तर बंद. आलं, तर रेस न देता चालू द्या. उंदरांनी सायलेन्सरमध्ये साठवलेलं काय काय मागून बाहेर पडतं, तेव्हा मागे कुणी उभं राहू नये.

ब्रेक: इंजिन सुरू झालं म्हणून निघायचं नाही

गाडी सुरू झाल्याच्या आनंदात एक फेरी मारून यायची ऊर्मी येते. ब्रेक उघडून पाहिल्याशिवाय फाटकाबाहेर जाऊ नका. नेहमीचं ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं, त्या पाण्याने व्हील सिलिंडर आतून गंजतात आणि पिस्टन अडकतात. रबरी होजचा दोष तर बाहेरून दिसतच नाही. होज आतून फुगतो, पेडल दाबलं की ऑइल जोराने पुढे जातं, पण पेडल सोडल्यावर मागे येत नाही, आणि चाक धरून राहतं. ड्रम तापला आणि गाडी एका बाजूला ओढू लागली तर मी पहिला संशय होजवर घेतो.

जुन्या बहुतेक गाड्यांना ब्रेकचं एकच सर्किट असतं. एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक जातात. त्यामुळे इथे डागडुजी नको. सगळे होज, सगळ्या रबरी सील आणि शंका असेल ती प्रत्येक नळी नवी घाला. तांबं-निकेलच्या नळ्या गंजत नाहीत आणि हाताने वाकवता येतात. ब्रेक ऑइलच्या प्रकारांत डॉट ३ आणि डॉट ४ हे एका जातीचे. सिलिकॉनचं डॉट ५ वेगळं, ते त्यांच्यात मिसळायचं नाही. सिट्रोएन डीएससारखी गाडी असेल तर आणखी सांभाळा. तिच्या सुरुवातीच्या मॉडेलमध्ये लाल द्रव असतो, नंतरच्या मॉडेलमध्ये हिरवं खनिज तेल, आणि एकाच्या जागी दुसरं घातलं तर सगळ्या सील खराब होतात. साधं ब्रेक ऑइल रंग खातं, मडगार्डवर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा.

ब्रेकच्या नळ्यांत अडकलेली हवा काढून झाल्यावर पेडल जोराने दाबून मिनिटभर धरा. ते हळूहळू खाली बसत असेल तर कुठेतरी गळती आहे.

याच वेळी टायर पाहा. नक्षी कोरी दिसली तरी रबर जुनं झालेलं असतं. २००० पासूनच्या टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. फक्त तीन आकडे असतील तर टायर त्याआधीच्या काळातला. दहा वर्षांवरचे टायर मी ठेवणार नाही. स्टिअरिंगचा खेळ, किंग पिन, बॉल जॉइंट, कमानपाट्यांचे बुश तपासा आणि सगळ्या निपलांना ग्रीस भरा. जुन्या गाड्यांना हे काम वारंवार लागतं, पुष्कळांना दर दीड हजार किलोमीटरला.

न सुटणारे बोल्ट

या छंदातले निम्मे दिवस यातच जातात. पहिल्याच झटक्यात जोर केला तर बोल्ट तुटतो आणि दहा मिनिटांच्या कामाचे दोन दिवस होतात. आधी तारेच्या ब्रशने आटे साफ करा, पेनिट्रेटिंग ऑइल सोडा, रात्रभर ठेवा. बोल्टच्या डोक्यावर हातोडीने सरळ दोन-चार ठोके द्या, गंजाचा थर त्याने तडकतो. मग सहा कोनी सॉकेट लावून सोडवायच्या आधी किंचित आवळा. हलला की पाव फेरा सोडवा, पुन्हा आवळा, पुन्हा सोडवा. तरीही हलत नसेल तर नट तापवा; पण पेट्रोलची नळी, ब्रेकचा होज आणि टाकी जवळ नाहीत याची खात्री करूनच. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे स्टड थंड असताना सोडवायला गेलात तर ते तुटणारच असं समजा.

पाना बसत नसेल तर फाइल घेऊ नका, आधी आटे कोणत्या जातीचे ते बघा. ब्रिटिश गाड्यांत व्हिटवर्थ आटे सापडतात. जोसेफ व्हिटवर्थने ते १८४१ साली मांडले आणि त्यांचा कोन ५५ अंशांचा. मेट्रिक आणि अमेरिकन आटे ६० अंशांचे. दुसऱ्या जातीचा बोल्ट पहिले दोन-तीन आटे सहज जातो, मग अडतो, आणि पुढे जोर केला की भोकातले आटे जातात. मॉरिसच्या जुन्या काही इंजिनांत तर आटे मेट्रिक आणि डोकं व्हिटवर्थ पान्याचं. आटे मोजायचा गेज छोटासाच असतो, तो घेऊनच ठेवा.

वायरिंग

लहानसं प्रकरण आहे, पण आग लागते ती इथूनच. जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीची धन बाजू बॉडीला जोडलेली असू शकते, आणि सुरुवातीच्या बीटल किंवा १९५० च्या आसपासच्या पुष्कळ गाड्या ६ व्होल्टच्या. बॅटरी जोडण्याआधी हे पक्कं करा. कापडी वेष्टनाच्या वायरी हातात चुरा होत असतील तर पूर्ण हार्नेस (वायरींचा अख्खा जुडगा) बदला, मधे मधे जोड देऊ नका. दिवे मंद, हॉर्न घोगरा, काटे नाचताहेत, अशा तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा खराब अर्थिंगमध्ये, म्हणजे बॉडीशी असलेल्या विजेच्या जोडणीत असतं. बॉडीला जोडणारी प्रत्येक वायर सोडवून तिथला पत्रा चकचकीत होईतो घासा. बॅटरीला तोडणारा स्विच जरूर बसवा.

गंज आणि पत्रा

गाडी चालू लागली, थांबू लागली, की मग पत्रा. वरवरचा गंज घासून फॉस्फोरिक आम्लाचा कन्व्हर्टर लावला की काळा थर तयार होतो आणि त्यावर प्रायमर बसतो. कंस, ट्रे अशा सुट्या भागांसाठी विजेची पद्धत मला सगळ्यात आवडते, कारण ती चांगला धातू खात नाही. प्लास्टिकच्या टबात पाणी आणि धुण्याचा सोडा, बॅटरी चार्जरची ऋण बाजू गंजलेल्या भागाला, धन बाजू टाकाऊ लोखंडाच्या तुकड्याला. भाग आणि तुकडा एकमेकांना टेकता कामा नयेत. धन बाजूला स्टेनलेस स्टील कधीही लावू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. हायड्रोजन निघतो, म्हणून काम उघड्यावर आणि ठिणगीपासून लांब. स्प्रिंग किंवा कडक पोलादाचे भाग या पद्धतीने करू नका, ते ठिसूळ होऊ शकतात.

पत्रा खाल्लेला असेल तर तेवढा भाग धड पत्रा लागेपर्यंत कापून नवा तुकडा वेल्ड करायचा. गंजावर ठिगळ ठेवून वरून पुट्टी ओढली तर दोन पावसाळ्यांत फुगा दिसतो. उंबरठा कापण्याआधी दाराच्या चौकटीत लोखंडी पट्ट्या टॅक करून (वेल्डिंगचे छोटे ठिपके देऊन) गाडी बांधून घ्या आणि एका वेळी एकच बाजू कापा. ही काळजी घेतली नाही तर बॉडी वाकते आणि मग दार पुन्हा कधी बसत नाही. वेल्डिंग शिकायचं असेल तर आधी भंगार पत्र्यावर शिका. कॉर्नरच्या आतल्या पोकळ्यांत शेवटी मेणाचं गंजरोधक मारायला विसरू नका, कारण गंज आतूनच बाहेर येतो.

रंगाबद्दल थोडक्यात. तयारी तुम्ही करा, शेवटचा हात रंगाऱ्याकडून मारून घ्या. दोन घटकांच्या रंगांतलं आयसोसायनेट फुप्फुसाला इजा करतं आणि साधा मास्क त्याला अडवत नाही, बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो.

चालवताना आणि ठेवताना

शिसेयुक्त पेट्रोल २०२१ मध्ये जगभरातून बंद झालं. जुन्या इंजिनांत ते शिसं वॉल्व्हच्या सीटचं रक्षण करत असे. शांतपणे चालवणाऱ्याला लगेच फरक जाणवत नाही. हेड कधी काढलं तर वॉल्व्हच्या कडक सीट बसवून घ्या. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुन्या रबरी नळ्या मऊ करतं, म्हणून इंधनाच्या सगळ्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घाला. इंजिन ऑइलमध्ये जस्ताचं प्रमाण पुरेसं असावं, जुन्या कॅम आणि टॅपेटला ते लागतं. पितळी किंवा ब्राँझच्या सिंक्रो रिंगा (गिअर न खडखडता बदलू देणाऱ्या कड्या) असलेल्या गिअरबॉक्समध्ये जीएल-४ प्रतीचं गिअर ऑइल घाला. जीएल-५ मधली काही रसायनं त्या धातूला मानवत नाहीत.

पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर चाकांचे नट, सस्पेन्शनचे बोल्ट, मॅनिफोल्ड, आणि मॅन्युअल सांगत असेल तर हेडसुद्धा टॉर्क रेंचने पुन्हा तपासा. एक वही गाडीतच ठेवा आणि तेल, ग्रीस, पॉइंट, हवा, जे केलं ते किलोमीटरसह लिहा.

उभ्या गाडीचं इंजिन दर आठवड्याला पाच मिनिटं नुसतं सुरू करून बंद करणं वाईट. तेल गरम होत नाही, पेट्रोल आणि वाफ त्यात उतरतात. त्यापेक्षा महिन्यातून एकदा वीस-तीस किलोमीटर नीट चालवून आणा. तेवढं जमणार नसेल तर ताजं तेल भरा, टायरमध्ये थोडी जास्त हवा, बॅटरी सोडवून चार्जवर, आणि वर हवा खेळती राहील असं सुती कव्हर. प्लास्टिकच्या खाली ओल कोंडते. हँडब्रेक ओढून ठेवू नका, शू ड्रमला चिकटतात. चाकांना पुढे-मागे लाकडी ठोकळे लावा. बरेच महिने उभी राहणार असेल तर क्लचचं पेडल फळीने दाबून ठेवा, नाहीतर प्लेट फ्लायव्हीलला धरते.